वीस पेशी

परक्याच्या रक्तातल्या शंभर पेशी मोजल्याशिवाय धाकटी मायक्रोस्कोपवरून उठत नसे. तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण नियम म्हणजे नियम. सख्ख्या ताईच्या वेळी मात्र तिने वीस मोजल्या आणि चहाला उठली. घरचंच रक्त, त्यात काय एवढं बघायचं! "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे आणि वेळेवर जेव," असं फोनवर सांगून मोकळी झाली.

ताईने दीड वर्ष इमानेइतबारे गोळ्या गिळल्या. जिना चढताना दम लागला की हसायची, "वय झालं गं आता." मग हातापायांवर निळे डाग उठले, ताप हटेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कंबरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. रक्त जिथे तयार होतं तिथेच बिघाड. मज्जा राबत होती, पण पेशी निघत होत्या वेड्यावाकड्या, अर्ध्याकच्च्या.

"लवकर कळलं असतं तर मज्जा बदलायचा विचार करता आला असता," डॉक्टर धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले. "आता त्याचा ब्लड कॅन्सर झालाय. तेवढं सोसण्याची ताकद त्यांच्यात उरली नाही."

धाकटी तडक लॅबमध्ये गेली. पेटीतून ताईची जुनी स्लाइड काढली आणि या खेपेला शंभर मोजल्या. पंचविसावी पेशी चष्म्यासारखी निघाली, आत दोनच गोळे आणि मध्ये बारीक दांडी. मग एकतिसावी तशीच. मग चाळिसावी. मज्जेतला बिघाड नवशिक्यालाही दिसावा इतका ढळढळीत. तिला स्वतःची किळस आली.

आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून ती हॉस्पिटलमध्ये पोचली. ताई नर्सला कौतुकाने सांगत होती, "ही माझी धाकटी. पहिल्यांदा हिनेच बघितलं होतं माझं रक्त. तेव्हा काही नव्हतंच. असतं तर हिच्या नजरेतून सुटलं असतं होय?"

"ताई, तेव्हा मी..."

"रडतेस काय, वेडाबाई! आजचं रक्तही तूच बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

त्या बाईपाशी आता भरवशाखेरीज उरलं तरी काय होतं? धाकटीने रक्ताची नळी घेतली.

लॅबमध्ये येऊन तिने स्लाइड रंगवली, मोजायला बसली. शंभर झाल्या. कुणीतरी चहाला हाक मारली. दोनशे झाल्या. धाकटी उठली नाही.