तंबाखू : नाही

सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते आणि प्रतिभाचं डोकं फिरलेलं होतं. का फिरू नये? पंचवटीतल्या त्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून आठ वर्षं ती एकच पाठ म्हणत आली होती. दाढ काढली की कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरायचा. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. आज गुळण्या नाहीत, उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच. गरम चहा नको, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, ती जागेवर राहिली पाहिजे. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस जबडा धरून रडत येतो. एवढं साधं. समोरचा मान डोलावतो, 'हो ताई' म्हणतो, जिन्यापर्यंत जातो आणि कठड्यावरून पचकन खाली थुंकतो. खालचा झेरॉक्सवाला रोज तिच्याच नावाने बोंबलतो.

त्या दिवशी ओझरहून एक काका अक्कलदाढ काढायला आले, तेही उपाशीपोटी. शुगरची गोळी मात्र आठवणीने घेतलेली. खुर्चीत बसायच्या आधीच घामाने डबडबले. प्रतिभाने त्यांना साखरपाणी पाजलं आणि मग झाडलं. "फोनवर मी काय सांगितलं होतं? नाश्ता करून या. ही भूल नुसती जबड्यापुरती असते."

"तुम्ही सांगितलं होतं, पण आमचे मेव्हणे म्हणाले, ऑपरेशन म्हटल्यावर पोट रिकामं पाहिजे."

मेव्हणे! आठ वर्षांत तिने कुणाकुणाचे मेव्हणे ऐकले त्याला गणती नव्हती. एकाने रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं लपवलं, का तर ती हृदयाची, तिचा दाताशी काय संबंध. दुसऱ्याने तीच गोळी कुणाला न विचारता चार दिवस बंद करून टाकली. एक बाई वरची दाढ काढू देईना, नजर जाते म्हणे. अहो, डोळ्याची नस कुठे, दाढ कुठे! पण सांगून सांगून घसा कोरडा पडला तरी ऐकतंय कोण.

लोक ऐकत नाहीत याचा तिला राग यायचा. लोक फॉर्मवर खोटं लिहितात याने तर तळपायाची आग मस्तकात जायची. आणि इथेच बाईसाहेबांची पंचाईत होती, कारण कपाटातला एक खोटा फॉर्म खुद्द तिच्या हातचा होता.

तो तिच्या आईचा, रंगूबाईचा. रंगूबाई मखमलाबादची. घरची झेंडू-शेवंतीचे वाफे, पहाटे फुलबाजार, वय साठीच्या पुढे आणि बोलणं फटकळ. दोन आठवड्यांपूर्वी तिची खालची तुटकी दाढ काढायची म्हणून प्रतिभा तिला दवाखान्यात घेऊन आली. फॉर्म प्रतिभानेच भरला. बीपी, शुगर, चालू असलेल्या गोळ्या. मग रकाना आला, तंबाखू.

"मी कुठं तंबाखू खाते?" रंगूबाई म्हणाली, आणि तिच्या मते ते सोळा आणे खरं होतं. तंबाखू पुरुष खातात, चुना लावून, तळहातावर मळून. ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. चाळीस वर्षं. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू, त्यात काय सांगायचं?

प्रतिभाला मात्र पक्कं ठाऊक होतं. तव्यावर काळा होईस्तोवर भाजतात तो तंबाखूच असतो. भाजताना घरभर ठसका बसतो, डोळ्यांना पाणी येतं, तरी बायका पदर नाकाला लावून भाजतात. हे सगळं माहीत असून तिने रकान्यात लिहिलं : नाही. दाढ काढताना डॉक्टर तेजल मॅडमनी दातांवरचे काळे डाग पाहून विचारलंसुद्धा, तर प्रतिभा म्हणाली, "चहाचे आहेत, मॅडम."

का म्हणाली? कारण मिश्रीची डबी तिच्याही पर्समध्ये होती. नळावर पाणी सोडून, कडी लावून, दवाखान्याच्याच बाथरूममध्ये ती बोट दातांवरून फिरवायची आणि वरून बडीशेप खायची. दिवसभर लोकांना तंबाखू सोडा म्हणून सांगणारी बाई. आईचं सांगितलं असतं तर मॅडमनी सहज विचारलं असतं, आणि तू गं?

पण प्रकरण दाढेवर थांबलं नाही. तुटक्या दाढेशेजारी, गालाच्या आत, हिरडीला लागून मॅडमना एक पांढरा चट्टा दिसला. पुसून जाईना. त्यांनी फॉर्म पाहिला. "तंबाखू नाही ना, मग दाढेची धार घासत असेल. दाढ गेली, आता दोन आठवडे वाट बघू. तंबाखू असता तर मी एक दिवस थांबले नसते." हे त्या प्रतिभाकडे बघून म्हणाल्या. प्रतिभा ट्रेमधली हत्यारं मोजत राहिली. दोन आठवडे तिला धड झोप नव्हती. सकाळी उठावं, ठरवावं आज सांगायचं, दवाखान्यात यावं आणि तोंडाला कुलूप.

ओझरच्या काकांना नाश्त्याला खाली पाठवलं, तेवढ्यात रंगूबाई फुलं विकून आली. रिकामी पाटी दाराशी ठेवली, खुर्चीत बसली. मॅडमनी दिवा ओढून पाहिलं. चट्टा गेला नव्हता. उलट एका कडेने लालसर झाला होता.

"मावशी, याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आजच."

रंगूबाईने तोंड मिटलं, पदर सारखा केला, पाटी उचलली आणि जिना उतरून गेली. चप्पलसुद्धा नीट घातली नाही.

प्रतिभा मागोमाग धावली. झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर रंगूबाई पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

"सुरी लागली की पसरतं," रंगूबाई म्हणाली. "शेजारच्या सरुबाईच्या मालकाचं काय झालं? चालताबोलता माणूस. कापलं आन तीन महिन्यांत आटोपला."

"आई, ते वर्षभर गाठ घेऊन फिरले. तोंड उघडेना तेव्हा गेले. कापलं म्हणून नाही गेले, उशीर केला म्हणून गेले." प्रतिभाचा आवाज चढला. "आणि हा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा आहे. एक इंजेक्शन, दोन टाके, आठ-दहा दिवसांत रिपोर्ट. काही नसेल तर सुटलीस. असेल तर आत्ता हातात आहे, पुढे राहणार नाही."

"तुला पगार हाय तसं बोलायचा."

हे मात्र तिला लागलं. दुसरं कुणी बोललं असतं तर तिने ऐकून घेतलं नसतं, पण ही आई. आणि ती काय चुकीचं बोलली? आठ वर्षांचं ज्ञान, आणि सख्ख्या आईला ज्वारीच्या दाण्याएवढं काही पटवता येत नाही. जळ्ळं ते ज्ञान, असं तिला झालं.

"बरं, नको कापून घेऊस," ती म्हणाली. "पण मॅडमना मिश्रीचं सांगायला पाहिजे. ते त्यांना माहीत नाही."

"मंग सांग की. मी कवा नको म्हणले? तूच नाय म्हणून लिव्हलंस." रंगूबाईने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, शिकलेली लेक नाय लिव्हती म्हंजी मिश्री तंबाखूत धरत नसतील."

"तंबाखूच असतो तो. भाजलेला."

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"आन ठावं असून तू लावतीस?"

प्रतिभाच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, पोरांना माहीत नव्हतं, आणि हिला माहीत होतं. माहेरी आली की परसात जाऊन येते, तोंडाला बडीशेपेचा वास, हे आईला कळणार नाही असं कसं वाटलं तिला? ज्या बाईने स्वतः चाळीस वर्षं तेच केलं, तिला?

"चल वर," रंगूबाई म्हणाली. "आधी तू त्या खुर्चीत बस. तुझं तोंड मॅडमला दाखव. तू दाखवलंस तर मी बघंन काय करायचं ते."

"माझं काय काढतेस मध्येच? माझ्या तोंडात काही नाही."

"मंग दाखवायला काय जातंय?"

काय जातंय! आठ वर्षांची अब्रू जात होती. उद्यापासून 'तंबाखू सोडा' कुठल्या तोंडाने सांगायचं? मॅडम ठेवतील तरी का? खोटं लिहिलं, तेही स्वतःच्या आईच्या फॉर्मवर. तिला आईचा राग आला, स्वतःचा आला, त्या रकान्याचा आला, दुकानाच्या दारातून सगळं ऐकणाऱ्या झेरॉक्सवाल्याचा तर फारच आला. पण ती लाल कड काही डोळ्यांपुढून हटेना. ती उठली आणि जिना चढू लागली. मागून पाटीचा काठ भिंतीला घासल्याचा आवाज येत होता, म्हणजे आई येत होती.

मॅडम हात धूत होत्या. प्रतिभाने दार लोटून घेतलं.

"मॅडम, तो फॉर्म चुकीचा आहे. आई मिश्री लावते. चाळीस वर्षं झाली. मला माहीत होतं. मीपण लावते."

तेजल मॅडम तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. रागावल्या की बोलणं कमी करायच्या. त्यांनी हात पुसले, दोनदा पुसले.

"दोन आठवडे, प्रतिभा. दोन आठवडे मी थांबले, तुझ्या एका शब्दावर."

"हो."

"बस."

ती खुर्ची प्रतिभा दिवसातून वीस वेळा पुसायची. बसली मात्र कधी नव्हती. दिवा डोळ्यांवर आला. मॅडमनी उजवा गाल आरशाने बाजूला केला, मग डावा, मग खालचा ओठ बाहेर ओढला आणि तिथेच थांबल्या. रंगूबाई शेजारून वाकली.

"कधीपासून आहे?" मॅडमनी विचारलं.

"मिश्री? अकरा वर्षांची होते. दाढ ठणकत होती, तेव्हा." दाढेवर चिमूट कुणी ठेवली ते ती बोलली नाही.

"चट्टा कधीपासून आहे, ते विचारतेय."

"चट्टा?"

आठ वर्षं तिच्या हाताशी त्या दवाखान्यात डझनभर आरसे होते. दुसऱ्यांची तोंडं ती रोज बघायची, मॅडमना आधी सांगायची, इथे काहीतरी आहे बघा. स्वतःचा ओठ तिने एकदाही उलटून पाहिला नव्हता.

"पातळ आहे, सुरकुतल्यासारखा," मॅडम म्हणाल्या. आता आवाज जरा उतरला होता. "मिश्री आजपासून बंद. पुष्कळदा सोडली की आपोआप जातो. दोन आठवड्यांनी बघू. नाही गेला तर तुझाही तुकडा काढावा लागेल."

प्रतिभाने मान हलवली. तिचे रुग्ण हलवतात तशीच. सगळं तिलाच पाठ होतं, ज्वारीचा दाणा, दोन टाके, आठ-दहा दिवस, तरी तिला खुर्चीतून उठायचं सुचेना.

रंगूबाई अजून वाकलेलीच होती. लेकीच्या ओठाकडे बघत होती. मग ती सरळ झाली.

"ऊठ," ती म्हणाली.

प्रतिभा उठली. रंगूबाईने पदर खोचला आणि खुर्चीचा हात धरला.

"मॅडम, माझं कापा. पसरलं तर मला पसरंल. पर ह्या मिश्रीनं तोंडात काय करून ठिवलंय ते कळू द्या. हिच्या दाढंला मीच लावली व्हती."

सुरीने काही पसरत नाही, हे प्रतिभाने आजवर किती जणांना सांगितलं असेल. आईला ते अजूनही पटलेलं नव्हतं. न पटताच ती खुर्चीत बसली, डोकं मागे टेकलं आणि तोंड उघडलं.