रिकामा बरा की भरलेला?

मित्रांनो, अंगावर रेघा आहेत म्हणून मला सगळं कळतं असं मात्र समजू नका. मी मापाचा पेला आहे. जाड काचेचा, एक कान, एक चोच आणि पोटावर लाल रेघा. खालच्या दोन रेघा घासून घासून पुसट झाल्या आहेत, त्यावरून माझं वय ओळखा.

कारखान्यात माझ्यावर रेघा उमटवणारा कामगार मला उजेडात धरून म्हणाला होता, "हा कधी खोटं बोलणार नाही." त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली. आजींच्या स्वयंपाकघरात मी दूध मोजलं, पीठ मोजलं, लेकीच्या वाढदिवसाच्या केकचं तेल मोजलं. रेघेपर्यंत भरायचं आणि ओतायचं, एवढंच काम. डोक्याला ताप नव्हता. पुढे बटणाचा वजनकाटा आला, आणि मी कपाटात मागे गेलो. माझ्या पोटात रबरबँड ठेवले होते. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

मग आजोबांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं, आणि आजींनी रबरबँड काढून मला घासून लख्ख केलं. सकाळी आजी पाणी माझ्यात मोजून आजोबांची दिवसाची बाटली भरायच्या. चहासुद्धा त्यातच धरायचा, म्हणजे चहा प्यायला की तेवढं पाणी बाटलीतून कमी करायचं. संध्याकाळी बाटलीत उरलेलं पाणी माझ्यात ओतून बघायच्या. उरलं असेल तर म्हणायच्या, "शाबास! आज जिंकलात." मी मनाशी पक्कं केलं, उरणं चांगलं.

आणि तेवढ्यात बाईसाहेब आजारी पडल्या. बाईसाहेब म्हणजे घरातली म्हातारी मांजर. पलंगाच्या उशीवर हक्क सांगणारी, म्हणून हे नाव. तिलाही तोच आजार! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हिला भरपूर पाणी पाजा." आजींनी सकाळची बाटली भरून झाली की मला पुन्हा भरायला सुरुवात केली आणि खिडकीखाली तिच्या बशीशेजारी ठेवलं. बशी कोरडी पडली की माझ्यातलं थोडं त्यात ओतायचं. संध्याकाळी माझ्यात पाणी उरलं की आजींचा चेहरा पडायचा. "अगं, प्यायलीस का नाहीस गं?"

आता सांगा, मी काय समजायचं? एकाच ओट्यावर, एकाच संध्याकाळी, उरलं तर शाबास आणि उरलं तर हाय हाय! मी पुरता बुचकळ्यात पडलो.

त्यात घरात पाहुण्यांची रीघ. आजोबांना बघायला कधी धाकटा भाऊ, कधी भाचा, सुट्टी मिळाली की लेक. डायलिसिसच्या दिवशी कोणी येऊ नये म्हणून आजी फोनवर फोन करायच्या, तरी कोणीतरी दारात उभं असायचंच. मग चहा. आजी डोळे वटारायच्या, पण आजोबा कप उचलायचेच.

"अगं, एवढ्या लांबून आलाय. त्याला एकट्याला प्यायला लावू?"

गप्पा रंगायच्या, आजोबांची कळी खुलायची. पण दुपारपर्यंत बाटलीचा तळ दिसायचा. आणि पाहुणे गेले, आजी जरा लवंडल्या, की आजोबा पाय न वाजवता खिडकीपाशी यायचे. मला कानाला धरून तोंडाला लावायचे. एक घोट. मग आणखी एक. त्यांचे ओठ किती कोरडे असायचे! मला वाटलं, असंच ठरलं असेल. मी आजोबांचा की बाईसाहेबांचा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी आजी मला उचलून आनंदानं ओरडायच्या, "लेकीला फोन लावा! बाईसाहेबांनी सगळं संपवलं!" आजोबा मूग गिळून बसायचे. बाईसाहेबांची हाडं मात्र हाताला लागायला लागली होती. आजोबांचे पाय सुजले होते, दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. माझ्या रेघांवर दोघंही उत्तम, आणि डोळ्यांसमोर दोघंही खालावत चाललेले. कारखान्यातल्या त्या कामगाराला गाठून विचारावंसं वाटलं, बाबा रे, मी खोटं कधी बोलायला लागलो?

मग एक दिवस दोन्ही डॉक्टरांकडच्या वेळा एकदमच आल्या. आजी आजोबांबरोबर हॉस्पिटलात गेल्या, आणि आलेल्या लेकीनं बाईसाहेबांना टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर लेक दारातच म्हणाली, "आई, हिच्या अंगात पाणीच नाहीये. डॉक्टरांनी सलाइन दिलं. म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती."

"असं कसं? रोज पेला रिकामा होतो!" आजी म्हणाल्या. "आणि इकडे नर्स यांना रागावली. अंगात पाणी साठलंय, छातीपर्यंत चढलं असतं म्हणे."

मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग दोघींनी एकदमच आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी चष्मा काढला. "घसा नुसता जळायचा गं. वाटायचं, ही कुठे एवढं पिते? वायाच जाणार. ती रोज त्या बशीपाशी येऊन बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, सोबतीला बसलीय." ते चष्मा पुसत राहिले. "ती पाणी मागत होती."

लेकीनं उठून वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. आजी आधी रागावल्या, मग रडल्या, मग पुन्हा रागावल्या.

आता पाहुणे आले की सगळ्यांना चहा औषधाच्या टोपणाएवढ्या कपांतून मिळतो, हा लेकीचा हुकूम. भाचा कुरकुरतो, पण येतो. बाईसाहेबांची बशी आजोबा स्वतः भरतात आणि ती पिऊन होईपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसतात. जीभ पाण्याला लागल्याचा आवाज ऐकतात. ती किती दिवसांची सोबती आहे, कोणालाच ठाऊक नाही. आजोबांचंही तसंच.

मित्रांनो, रिकामा बरा की भरलेला, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे. घरात कोणी आजारी असेल तर माझ्यासारख्याच्या रेघा जरूर बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. ज्याच्यासाठी मोजताय, त्याच्या तोंडाकडेही बघत जा.

काल संध्याकाळी आजोबांच्या बाटलीत दोन घोट उरले होते. आजी ते माझ्यात ओतून शाबासकी देणार होत्या. तेवढ्यात आजोबांनी बाटली घेतली, ओठांवरून जीभ फिरवली आणि ते दोन घोट बशीत ओतले.

"घ्या बाईसाहेब," ते म्हणाले, "हे माझ्या वाटणीचं."