आटलेली साडी

माझ्या नातीच्या होणाऱ्या सासूला कापडातलं सगळं कळतं. हे मला तिनेच सांगितलं, पहिल्याच भेटीत, चहा कपात ओतायच्या आत. बायकांच्या कुठल्याशा मंडळात ती दर महिन्याला हातकामावर भाषण देते आणि पन्नास बायका माना डोलावतात. मी पंचावन्न वर्षं बांधणी बांधते, पण माझं बोलणं आजवर घरातल्या मांजरानेही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

"आजी, तुम्ही अजून हातानेच बांधता?" तिने विचारलं.

"पायाने जमेना अजून," मी म्हटलं.

नातीने टेबलाखालून माझा पाय दाबला. दाबला कसला, तुडवलाच.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. पुढे मास्तरांना माझा कंटाळा आला की मला त्यांचा, ते आता आठवत नाही. पण बोटांनी जे शिकायचं ते शिकले. कापडाचा मुगाएवढा कण नखाने उचलायचा, त्यावर दोरा करकचून गुंडाळायचा, की झाली गाठ. मग कापड रंगात बुडवायचं. दोऱ्याखाली रंग शिरत नाही, तेवढाच ठिपका उरतो. अशा हजारो गाठी मारल्या की अख्खी साडी आक्रसून हातभर चिंधी होते, पुटकुळ्या आल्यासारखी. नवख्या माणसाने पाहिली तर वैद्याला बोलावील. पण दोन बायकांनी दोन टोकं धरून ओढली की गाठी तडतड सुटतात आणि आतून साडी बाहेर येते.

लग्न ठरलं तेव्हा मी ठरवलं की विहीणबाईंसाठी साडी मीच बांधणार. डोळ्यांच्या डॉक्टरने बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, एक होऊ दे, मग हवं तर डोळे तुमच्याकडेच ठेवून घ्या. आठ महिने लागले. शेवटी शेवटी तर ठिपका दिसायचा नाही, नखालाच कळायचा. ही माझ्या हातची शेवटची साडी, हे मला ठाऊक होतं. ती लग्नाच्या हॉलमध्ये चारचौघींनी बघावी, हात लावून बघावी, एवढंच मला हवं होतं. माणसाला मेल्यावर फोटोला हार मिळतो. मला जिवंतपणी नुसती एक नजर हवी होती.

"आजी, उघडून पाठव," नात म्हणाली.

"उघडून पाठवली तर छापील म्हणतील. गाठी असल्या की कुणाची बिशाद नाही."

"मग सोबत चिठ्ठी तरी घाल."

"दुधाबरोबर कुणी चिठ्ठी पाठवतं का, हे पांढरं आहे म्हणून? आणि त्यांना तर कापडातलं सगळं कळतं."

साडी गाठींसकट खोक्यात घातली आणि मुलाच्या हाती पाठवून दिली. चूक माझीच. गर्व झाला की माणूस साधी चिठ्ठीसुद्धा वाचवतो.

लग्नाला चार दिवस राहिले असताना फोन आला. सुनेने घेतला. विहीणबाईंचा आवाज असा, की फोन कानाला लावायचं कामच नाही, तो शेजारच्या खोलीत ठेवला तरी चालतो.

"अहो, साडी मिळाली हं. पण तुम्हाला कुणीतरी फसवलंय. धुतली असावी, पार आटून गेलीय! नुसत्या गुठळ्या. मी इस्त्री फिरवून पाहिली, तरी ऐकेना. जाऊ दे, आम्ही काही मनावर घेतलं नाही. मी दुकानातून चांगली अस्सल बांधणी आणलीय स्वतःसाठी, अगदी सपाट, एक सुरकुती नाही."

सून घाबरत म्हणाली, "मग ती... ती साडी कुठे आहे?"

"टाकली नाही हो! टाकणं बरं दिसत नाही. कामवालीला दिली, फरशी पुसायला. जाड आहे, पाणी बरं शोषेल."

सुनेने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी उठले, चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी नातीच्या हातात होती.

"कुठे निघालीस?"

"फरशी बघायला."

"आजी, बस खाली."

"आठ महिने! आठ महिने मी डोळे जाळले, आणि ती बया त्याने मोरी..."

"आजी!" ती माझ्यासमोर बसली. लहानपणी खोटं बोलताना बसायची, तशी नाही. "तुझी साडी गेली, मला कळतंय. पण त्या घरात मला राहायचंय. तू दोन वाक्यं बोलून घरी येशील आणि मी ती जन्मभर ऐकत बसेन. माझी शपथ घे. लग्न होईपर्यंत तिला एकही वाकडा शब्द बोलायचा नाही."

"एकही?"

"अर्धासुद्धा नाही."

घेतली शपथ. आयुष्यात मी पाच बाळंतपणं काढली, त्यातलं एकही इतकं जड गेलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बायकांच्या खोलीत एवढी गर्दी, की आरशात स्वतःचं तोंड शोधावं लागत होतं. नात खुर्चीवर बसलेली, मेकअपवाली तिच्या पापण्यांवर काहीतरी चिकटवत होती. मी कोपऱ्यात ओठ मिटून बसले होते. दोघीतिघींनी सुनेला विचारलंही, "आजींची तब्येत बरी नाही का?"

विहीणबाई थेट माझ्यापुढे आल्या. मागे मंडळाच्या सातआठ बायका. अंगावर ती अस्सल बांधणी. पदर उलटला तेव्हा मागची बाजू दिसली. रंग तिकडे पोचलाच नव्हता. सगळे ठिपके एका मापाचे, सरळ रांगेत, शाळेतल्या कवायतीसारखे. यंत्राने छापलेली, आणि वर कडक इस्त्री.

"कशी आहे, आजी?" त्यांनी गिरकी घेऊन विचारलं.

जिभेच्या टोकावर काय काय आलं ते लिहीत नाही, लेकरंबाळं वाचतील. नातीने चिकटवलेल्या पापणीखालून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला शोभते," मी म्हटलं. हे खरंच होतं.

तेवढ्यात दारातून त्यांची कामवाली आत आली, हातात फुलांची टोपली. आणि अंगावर माझी साडी.

मला आधी दिसली नाही, डोळेच तसे. आधी खोलीतला गलका थांबला. मग तो लाल रंग ओळखीचा वाटला. ती जवळ आली, आणि ठिपके दिसले. पिवळे, पांढरे, एकही दुसऱ्यासारखा नाही. गाठींच्या जागी कापड अजून उभं होतं. ती चालली की साडी श्वास घेतल्यासारखी हलायची.

"अगं बाई!" मंडळातली एक जाड चष्मेवाली पुढे झाली. "ही बघा, ही खरी! हात लावून बघ गं. असं काम आता मिळत नाही. कुठून घेतलीस?"

"बाईंनी दिली," कामवाली म्हणाली. "फरशीला."

"कशाला?"

"फरशीला. बादलीत बुडवली, पिळायला घेतली तर एक गाठ सुटली आणि आत पिवळा ठिपका. म्हटलं, फडक्याला इतक्या गाठी कोण मारत बसेल? सासूला हाक मारली. एक टोक तिने धरलं, एक मी. ओढली, तर काय तडतड वाजली म्हणता! सासू म्हणाली, फटाकेच आणलेस की काय." ती हसली. "रंग पाण्यात थेंबभर गेला नाही बघा."

तो जाणारच नव्हता. रंगाच्या वेळी मी रंगाऱ्याच्या डोक्यावर बसले होते.

विहीणबाईंचा चेहरा त्यांच्या साडीइतका सपाट झाला होता. त्यांनी कामवालीचा दंड धरून तिला माझ्याच कोपऱ्यात आणलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, चुकून गेली ती तुझ्याकडे. आत्ता बदल. माझी घरची साडी आहे गाडीत, ती नेस."

त्यांचा दबका आवाज म्हणजे आपला भांडणाचा. खोलीतल्या निम्म्या जणींनी ऐकला. कामवालीने पदर मुठीत घट्ट धरला. ती कुणाकडे दाद मागणार? महिन्याचा पगार त्याच हातातून यायचा.

मी नातीकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मेकअपसाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांनी शपथ घेतलेली नव्हती. विहीणबाईंना खोलीच्या मधोमध नेऊन मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आवाजात होती नव्हती तेवढी साखर घातली.

"बायांनो, ही साडी मी बांधली. आठ महिने लागले. माझ्या हातची ही शेवटची. मी ती विहीणबाईंना दिली, आणि त्यांनी काय केलं बघा! स्वतः साधी छापील नेसल्या, आणि अस्सल आपल्या कामवालीला दिली. घरच्या लग्नात! इतकं मोठं मन मी आजवर बघितलं नाही. माझी नात भाग्यवान."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. चष्मेवाली तर डोळे पुसायला लागली.

विहीणबाईंनी टाळ्या वाजवणाऱ्या बायकांकडे बघितलं. मग त्या सावरल्या. भाषणाची सवय ती.

"आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे," त्या म्हणाल्या. "मी घरात भेदभाव मानत नाही."

संपलं. एवढ्या बायकांसमोर मोठं झालेलं मन आता लहान करून घरी न्यायची सोय उरली नव्हती. कामवालीच्या मुठीतला पदर सुटला.

नातीने खुर्चीतूनच मला जवळ ओढलं. "शपथ मोडलीस तू."

"एक शब्द वाकडा होता का, सांग."

तिने आठवून बघितलं. मग तिला असं हसू फुटलं, की मेकअपवाली ओरडली, "हलू नका हो, पापणी पडेल!"

सगळ्या बायका कामवालीभोवती जमल्या होत्या. कुणी पदर उलटून बघत होती, कुणी निऱ्या चाचपत होती. ती मधोमध पुतळ्यासारखी उभी, टोपलीतली फुलं सांडताहेत याचंही भान नाही. मी खुर्ची ओढून तिथेच बसले आणि बघत राहिले. डोळ्यांना जेवढं दिसत होतं, तेवढं.

चष्मेवालीने कामवालीला जरा बाजूला घेतलं. "ए, तुझ्या बाईंकडे आणखी एखादी बाई लागते का गं कामाला?"

"लागते की," कामवाली म्हणाली. "पण फरशी रोज पुसावी लागते."