पासवर्डच्या दाराशी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम कपाटामागे आहे, पण एके काळी मी आत्यांच्या टेबलावर होतो.

आत्यांना दिसत नाही. ध्वनिमुद्रित भाषणे ऐकून टाइप करून देणे हे त्यांचे काम. पडद्यावर उमटलेले सगळे मी त्यांना वाचून दाखवीत असे. माझा आवाज तसा रुक्षच. तरी “तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही रे,” असे त्या म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे.

पुढे मला चालवणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कालबाह्य झाली आणि घरात दोन तट पडले. भाचा म्हणाला, “आत्या, माझ्याकडे आहे तसा नवा संगणक घे. दिसायला काय झकास आहे!”

“कशाला उगाच खर्च? यातच फुकटची प्रणाली टाकते,” भाची म्हणाली. “रंग तर बघ एकेक!” आणि तिने जीभ चावली.

आत्या हसल्या. “रंगांचं तुम्ही बघा. तो बोलेल ना, तेवढं सांगा.”

भाचीचे म्हणणे मान्य झाले. नव्या प्रणालीने मी पुन्हा तरुण झालो, घडाघडा वाचू लागलो.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर आत्यांनी मला सुरू केले. पासवर्डचा पडदा आला आणि मी गप्प! तिथला आवाज वेगळा सुरू करावा लागतो, हे भाचीच्या ध्यानातच आले नव्हते. आदल्या दिवशी पासवर्ड तिनेच टाकला होता. आपण कुठल्या पडद्यावर आहोत हे न कळून आत्यांनी अंदाजाने कळा दाबल्या; पासवर्ड चुकत गेला, तसे दार आणखी घट्ट बंद झाले.

“अरे, बोल की!” त्या म्हणाल्या. दुपारी द्यायचे काम राहिले, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी गेले.

संध्याकाळी भाचीने चुटकीसरशी आवाज सुरू केला. “चुकलं माझं आत्या. आता बोलतोय बघ.”

“तुझ्यावर राग नाही गं. पण पुन्हा मुका झाला, तर रिकाम्या घरात मी हाक कुणाला मारू?”

आठवड्याभरात भाच्याने आणलेला संगणक टेबलावर आला. तो सुरू होताच बोलतो. त्याच्यापेक्षा मी चपळ होतो, असे मला अजूनही वाटते, आणि वाईटही वाटते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, हे तर मी सांगेनच. पण कुणाला नवी प्रणाली बसवून द्याल, तेव्हा स्वतःचे हात जरा मागे घ्या आणि त्या माणसाला ती एकट्याने सुरू करू द्या. त्या सकाळी आत्या कितीतरी वेळ माझ्यासमोर बसून होत्या. मी चालू होतो, आणि त्यांना ते कळलेच नाही.