जळक्या टोकाची झाडणी

हे मी सांगायला नको होतं. मला वळचणीत खोचताना कुंतानं बजावलं होतं, "कोणाले सांगू नको." बिचारीला वाटलं, झाडणी कुठं बोलते! पण आज गप्प राहिले, तर एका माणसाचं वाटोळं होईल.

मी शिंदीची झाडणी. कुंताच्या आईनं, भागीरथाबाईनं, नाल्याकाठच्या शिंदीची पानं कापून आणली, वाळवली, चिरली आणि पळसाच्या मुळांच्या दोरीनं माझी मूठ बांधली. अंगण झाडायला घरात दुसरी होती. माझं काम वर्षातून एकदाच, मोह गळायला लागला की.

आमचं गाव गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलाला टेकून आहे. फाल्गुन सरता सरता पहाटेपासून मोहाची फुलं पडू लागतात. खाली वाळलेल्या पाल्याचा थर असतो, त्यात फूल दिसत नाही. म्हणून गावातली माणसं पाल्याला काडी लावतात. जमीन काळी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर पडलेलं पिवळं फूल लांबूनही दिसतं. भागीरथाबाई मात्र मला घेऊन वाकायची. पाला टोपलीत भरून गोठ्यात पसरायची. शेणात कुजला की तोच पाला खत होऊन बांधीत, भाताच्या तुकड्यात जायचा, धानाला.

शेजारच्या झाडाखालून वच्छलाबाई हसायची. "काऊन वो भागीरथे, आता जंगल सारवून बी घेशीन का?"

"सारवीन. तू शेण आणून दे."

मग भागीरथाबाई कुंताला हळूच म्हणायची, "पाह्य, दुसऱ्यायच्या मोहाखाली एक तरी रोपटं आहे का? जाळल्यावर उगवन कुठून? हे म्हातारे मोह गेले का मंग काय वेचशीन तू?"

कुंता पाहायची. खरंच, सगळ्या रानात आमच्याच मोहाखाली वीतभर उंचीची रोपं होती.

यंदा मोह गळायला लागला आणि भागीरथाबाईला हिवतापानं धरलं. कुंता एकटीच निघाली. तेरा वर्षांची पोर, सकाळची शाळा, त्यात परीक्षा. दिसली तेवढी फुलं तिनं वेचली. मला खोडाभोवती चार हात चालवलं, वर आलेल्या उन्हाकडे पाहिलं, आणि मला खोडाला टेकवून ठेवलं. "एकच डाव," असं पुटपुटत तिनं काडी ओढली. रोपांकडे तिनं पाहिलंच नाही. जाळ बसल्यावर राखेवरून पाय फिरवला. राख थंड लागली, तशी ती शाळेकडे पळाली. मला न्यायचं विसरली.

मी तिथंच राहिले, म्हणून मला दिसलं. एका जुन्या ओंडक्याच्या पोटात लाल ठिपका जागा होता. दुपारी वारा सुटला. पाखरं एकाएकी गप्प झाली. मुंग्या माझ्या अंगावरून वर चढू लागल्या. ओंडक्यातून धूर आला, मग जाळ.

धूर पाहून कुंता धावत आली तोवर आग पसरली होती. तिनं मला उचललं आणि आगीवर आपटत सुटली. माझं टोक पेटलं, तिचे हात पोळले. पण आग पुढच्या बांबूत शिरली. बांबू फुटल्याचे आवाज गावापर्यंत गेले. दोन दिवस रान जळत होतं. वच्छलाबाईचा मोह उभाच्या उभा गेला.

तेव्हापासून मी वळचणीत होते. "कुंते, घरात जळल्याचा वास येऊन राह्यला," भागीरथाबाई तापातही रोज म्हणायची. "माही झाडणी कुठी आहे?"

"हरपली," कुंता सांगायची, आणि हात पाठीमागे लपवायची.

आज सकाळी जंगलाचा नाकेदार आला. वळचणीच्या फटीतून मला समोरचं इस्तारीभाऊचं अंगण दिसत होतं. इस्तारीभाऊ गावाची ढोरं चारतो. त्या दिवशी तो त्याच बाजूला होता, आणि जळालेल्या जागेच्या कडेला बिडीचं थोटूक सापडलं होतं.

"बिडी पितो ना बे?" नाकेदारानं विचारलं.

"पितो, साहेब. तुमी बी तं पिता."

लोक हसले. नाकेदार हसला नाही. मग लोकही हसायचे थांबले.

"चाल गडचिरोलीले, जंगल हापिसात. तिथी सांग हे."

इस्तारीभाऊनं काठी भिंतीला टेकवली. "येतो. पण ढोरं बांधूनच हायेत, साहेब. त्यायले पाणी कोण पाजीन?"

लोक एकेक पाऊल मागे सरकले. दरवर्षी पाला जाळणारी वच्छलाबाईही पायाच्या बोटांकडे पाहत राहिली.

इकडे घरात कुंताचा हात वर आला. तिनं मला ओढून काढलं. चुलीवर कण्या शिजत होत्या. तिनं मला चुलीच्या तोंडाशी धरलं, इतकं जवळ की माझ्या जळक्या टोकाला पुन्हा धग लागली. मी राख झाले असते, तर खरं काय ते कोणालाच कधी कळलं नसतं.

खाटेवरून भागीरथाबाई पाहत होती. "सापडली वाटते झाडणी," ती हळूच म्हणाली.

कुंतानं आईकडे वळून पाहिलं. मग तिनं मला मागे घेतलं आणि उठली.

आता आम्ही उंबरठ्यावर आहोत. माझ्या मुठीवर तिचा पोळलेला हात आहे, आणि पाऊल पुढे पडत नाही. ती बोलेल की मागे फिरेल, मला माहीत नाही. समोर इस्तारीभाऊ पटका बांधतो आहे.

तेवढ्यात माझं ऐकून घ्या. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल. सकाळी घटकाभर वाकून तिला चालवा. पाला मातीला द्या, आगीला देऊ नका. आणि कधी काडी लावलीच, तर नुसता पाय फिरवून निघून जाऊ नका. ओंडके उलटून पाहा, हातानं चाचपा, कारण वरून थंड लागणारी राख आतून...

"ए पोरी! काय धरून उभी आहेस तिथी? आण इकडे!" नाकेदार ओरडतो.