नजीराचा तंबोरा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि स्वभावानं मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

शिवाजी पेठेतले इलाहीभाई नाटकवाल्यांचे कपडे शिवायचे. त्यांनी १९६२ साली मला घरी आणलं. त्यांची नजीरा तेव्हा सहा वर्षांची होती. मी सूर द्यायचा आणि तिनं तो उचलायचा, असा आमचा खेळ चाले. ती चुकली की मी सावरून घ्यायची. ही पोर माझीच, असं मी धरून चालले होते.

नजीरा तेरा वर्षांची झाली, तेव्हा सोमलिंगबुवा तिचं गाणं ऐकायला आले. बुवा नाटकात गाऊन म्हातारे झालेले. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "गळा झ्याक हाय. पर पेटीच्या खांद्यावर बसून फिरतोय. खाली उतरवा की त्याला!"

दुसऱ्याच आठवड्यात मिरजेहून तंबोरा आला. भोपळ्याएवढं पोट, चार तारा आणि जन्मभर एकच बोलणं! त्याला मखमली गवसणी मिळाली. मला कॉटखाली ढकललं आणि माझ्यावर चिंध्यांचं गाठोडं ठेवलं. नजीरा पहाटे उठून त्याला मांडीवर घ्यायची आणि तासन् तास नुसता 'सा' लावायची. तिची आई खतिजा वैतागून म्हणायची, "आगं, किती वेळ त्योच सा? शेजारी काय म्हणतील?" माझ्या मनातलं बोलायची बिचारी. सात पावसाळे मी ओल्या भुईवर जळत काढले.

मग नजीराला संगीत नाटकात नायिकेचं काम मिळालं. पहिल्या प्रयोगाला घरचीच पेटी हवी, असा इलाहीभाईंचा हट्ट. पेटीवादक आकाराममास्तरांनी मला पुसून, वाजवून घेतलं. तंबोरा घरी राहिला! आता हिला कळेल माझी किंमत, असं म्हणत मी तोऱ्यात थिएटरात गेले.

पहिलंच पद रंगात आलं आणि माझी एक पट्टी खाली गेली ती वर येईना. ओलीनं ती फुगली होती हे खरं, पण सात वर्षांच्या रागानं मीही ती सोडली नाही. मिलच्या भोंग्यासारखा एकच सूर कोकलत राहिला. लोक हसायला लागले. मास्तरांनी घाईघाईनं भाता सोडला आणि मी मुकी झाले.

नजीरा थांबली नाही. नुसत्या तबल्यावर ती गात राहिली आणि तिचा सूर केसभरही हलला नाही. घरी ठेवलेला तंबोरा तिच्या कानात वाजत होता. लोकांनी तेच पद तीनदा म्हणायला लावलं.

पडदा पडल्यावर इलाहीभाई माझ्यावर धावून आले. "मोडूनच टाकतो की हिला!"

नजीरा मध्ये आली. "अब्बा, तिच्यावर कशाला चिडताय? सात पावसाळं भुईवर कुणी ठेवली? आपणच की." आणि शालूच्या पदरानं तिनं माझ्या पट्ट्या पुसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती गावोगाव गाते आणि सवड मिळेल तशी पेठेतल्या मुलींना शिकवते. मुली काही महिने माझ्याबरोबर गातात, मग ती माझा भाता लावून तंबोरा काढते.

मित्रांनो, वाद्याला ओल लागू देऊ नका, त्याला अधूनमधून वाजवत जा. आणि गाणं शिकत असाल, तर माझा हात वेळेवर सोडा. हे सांगताना माझ्या पोटात आजही दुखतं, पण सांगते.