पिकअपची भरपाई आणि प्रयूनची भीड

नम्रता हा माणसाचा सर्वांत मौल्यवान दागिना आहे, याबद्दल थायलंडमधल्या लाम्पांग शहरात दुमत नाही. फक्त त्याची घडणावळ बहुधा बायकोच्या गल्ल्यातून जाते.

प्रयून नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात साहाय्यक अधिकारी होता. गाव त्याला सज्जन म्हणे, कारण त्याने कुणाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सिग्नलला उभ्या असलेल्या त्याच्या पिकअपला मागून शीतपेयांच्या ट्रकने धडक दिली, तेव्हा खाली उतरून आधी हात जोडले ते त्यानेच. "माफ करा, मी मध्येच उभा होतो," असंही म्हणाला. ट्रकवाला भला निघाला आणि त्याने चूक कबूल केली. नाहीतर प्रयूनने तीही आपल्या नावावर लिहून घेतली असती.

ट्रकच्या विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च उचलला. पण पिकअप महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली. तिच्यातूनच त्याची बायको लमाय रोज पहाटे रश्शाची पातेली बाजारात न्यायची. आता त्यासाठी भाड्याची रिक्षा करावी लागे आणि कमाई त्यातच जाई. तिच्या बाजारातल्या गाळ्याचं भाडं थकलं होतं. या आठवड्यात भरलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

शनिवारी कंपनीकडून निरमोन नावाची तरुण बाई आली. तिने वाकून हात जोडले, तांदळाच्या गोड चकत्यांची पिशवी पुढे ठेवली आणि कागद काढला.

"काका, गाडी नव्हती त्या दिवसांचे कंपनी पाच हजार बात देतेय. इथे सही केली की विषय संपला."

प्रयूनने पेन उघडलं.

"बारा हजार गेलेत आपले रिक्षाला," लमाय स्वयंपाकघरातून म्हणाली, भिंतीला सांगावं तशी.

"अगं, त्या एवढ्या उन्हातून आल्यात," प्रयून कुजबुजला. "वर खाऊ आणलाय. तो खाल्ल्यावर मागायचं कसं?"

शेजारी राहणारी लमायची थोरली बहीण बुआलाय खलबत्ता परत करायला आली होती. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ती लोकांची पत्रं सोडून लोकांनाच वाचायची. ती खलबत्त्यासकट चटईवर बसली.

"प्रयून, तुला भीड कुणाची वाटते?"

"यांची."

"यांना पगार कंपनी देते, आणि कंपनीला ऊन लागत नाही. लमायची भीड कधी वाटली का तुला?"

प्रयूनने चकती तोंडात टाकली.

"वाटणार कशी? ती घरची. परक्याचं मन राखायचं आणि त्याचं बिल घरच्यांच्या नावे फाडायचं. फार दानशूर आहेस बाबा, दान मात्र दुसऱ्याच्या कष्टाचं."

"ताई, पाहुण्यांसमोर काय हे?"

"पाहुण्या कसल्या, कामाला आल्यात त्या. तूही कामाला लाग."

प्रयूनने स्वयंपाकघराकडे पाहिलं. लमाय पातेलं घासत होती. रिक्षात जागा पुरत नाही म्हणून ती गरम पातेलं मांडीवर धरून न्यायची. मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. तो त्याने रोज पाहिला होता आणि कधी विचारलं नव्हतं. तिथेही त्याला भीडच वाटली असावी.

त्याने पेनला टोपण लावलं.

"बाई, पाच हजार कमी आहेत," तो म्हणाला, चोरी कबूल करावी अशा आवाजात. "आमचं रिक्षाचं भाडंच बारा हजार झालंय. पावत्या आहेत. तेवढे द्या."

निरमोनचे खांदे सैल झाले. "काका, एवढं बोलायला तुम्ही अर्धी पिशवी संपवलीत. कुणी मागितल्याशिवाय आकडा वाढवायची आम्हाला मुभा नाही. आता साहेबांना फोन तरी करता येईल."

"मग आधीच सांगायचं ना."

"साहेबांची भीड वाटते हो."

साहेब नऊ हजार म्हणाले. प्रयून नाही म्हणाला. आयुष्यातला पहिला नकार. तोही त्याने हात जोडून दिला. पुन्हा फोन झाला आणि साडेअकरावर जमलं.

"उरलेले पाचशे?" बुआलायने विचारलं.

"चकत्यांचे," निरमोन म्हणाली, आणि लमाय महिन्याभरात पहिल्यांदा हसली. सही होताच पैसे खात्यात जमा झाले, आणि त्याच संध्याकाळी प्रयून स्वतः बाजारात गेला आणि गाळ्याचं भाडं भरून आला.

तर मंडळी, हक्काचं मागणं म्हणजे भांडण नव्हे. ते हात जोडूनही मागता येतं. आणि आपल्या भिडेचा खर्च घरच्यांना सोसावा लागत असेल, तर तिला नम्रता म्हणू नये. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयूनने कचेरीतल्या सगळ्यांना खानावळीत बसवून हेच समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याने कोंबडीच्या शेवया मागवल्या होत्या. डुकराच्या आल्या. त्याने त्या खाल्ल्या.